पहिलं वर्षावन कुठे पाहायचं? सुट्टीच्या महिन्यापासून जागा ठरवण्याची पद्धत

वर्षावन पाहायला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी फोटो बघतात, मग जागा ठरवतात, मग तिकीट काढतात आणि त्या महिन्यात तिथे नेमकं काय असतं हे सगळ्यात शेवटी विचारतात. निम्म्या सहली इथेच फसतात. क्रम असा ठेवा: सुट्टी कधी आहे, पाहायचं काय आहे, सोबत कोण आहे आणि जंगलात शिरायचं कसं. या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिली की जगभरातल्या यादीतून दोन-तीनच नावं उरतात.

त्याआधी अपेक्षा जुळवून घेणं गरजेचं आहे. ताडोबात मे महिन्यात पाणवठ्याशेजारी जिप्सी लावली की जनावर पाण्यावर येतं, कारण आसपास दुसरीकडे पाणीच नसतं. वर्षावनात पाणी सगळीकडे असतं, खाणं विखुरलेलं असतं, त्यामुळे प्राण्याला ठरावीक जागी येण्याचं काही कारण नसतं. शिवाय निम्म्याहून जास्त हालचाल ३०-४० मीटर उंचीवर, झाडांच्या छतात चालते. छतावर पडणाऱ्या उन्हातलं जेमतेम एक-दोन टक्के खाली जमिनीपर्यंत पोचतं. म्हणजे तुम्ही अंधारात उभे राहून उजेडातल्या पानांआडचं काहीतरी शोधत असता. ‘दोन दिवस राहिलो, काहीच दिसलं नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा जंगलाबद्दल नसते, निवडलेल्या जागेबद्दल आणि वेळेबद्दल असते.

पायरी १: सुट्टीचा महिना

मे महिना. पश्चिम घाटातल्या वर्षावनांसाठी हा काळ मधलाच: उकाडा, दुपारनंतर वळवाचे ढग, धनेशांच्या विणीचा शेवट. जाता येतं, पण खास नाही. मेमध्ये परदेशी जायचं असेल तर मलेशियातला सबा, म्हणजे बोर्निओचा ईशान्य भाग, उत्तम. तिथे पूर्ण कोरडा महिना नसतोच, पण मार्च ते सप्टेंबर या काळात सरी येतात-जातात, दिवसभराची झड क्वचित लागते. ॲमेझॉनला जाणार असाल तर पेरूमधला तांबोपाताचा भाग मे ते ऑक्टोबर कोरडा असतो. ब्राझीलमधल्या मनाऊसजवळ मात्र मे-जूनमध्ये नदी सर्वात फुगलेली असते. ही अडचण वाटते, पण तीच तिथली खरी मजा आहे, त्याबद्दल पुढे.

जून ते सप्टेंबर. बेडूक, साप, बुरशी, ऑर्किड यांच्यासाठी सह्याद्रीत याहून चांगला काळ नाही. पक्षी आणि माकडांसाठी याहून वाईट नाही. धुक्यात दहा मीटरवरचं झाड दिसत नाही, घाटात दरड कोसळली की रस्ता बंद, आणि अनेक राखीव जंगलांतल्या पायवाटा वनविभाग या दिवसांत बंद ठेवतो. जायचं असेल तर फक्त रात्री फिरून उभयचर पाहण्यासाठी जा आणि हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा.

दिवाळी. इथे सर्वाधिक गल्लत होते. आपल्याकडे पाऊस संपलेला असतो, म्हणून केरळ-तामिळनाडूतही संपला असेल असं गृहीत धरलं जातं. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे परतीचा आणि ईशान्य मोसमी पाऊस चालू असतो. वालपराई किंवा सायलेंट व्हॅलीत सकाळ स्वच्छ आणि दुपारी तीननंतर धो-धो, असा रोजचा नेम असू शकतो. श्रीलंकेच्या सिंहराजाचीही हीच गत. दिवाळीला आंबोली, तिळारी, गोव्यातलं मोले-नेत्रावळी, किंवा कर्नाटकातलं आगुंबे धरा. ओढे भरलेले असतात, हवा धुतलेली असते आणि जळवा कमी होत चाललेल्या असतात.

नाताळ ते मार्च. दक्षिण पश्चिम घाट, सिंहराजा (जानेवारीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत), अरुणाचलचं नामदाफा, थायलंडचं खाओ सोक, हे सगळं या काळातलं. टाळायचं ते मलेशियाचा पूर्व किनारा आणि पूर्व सबा. नोव्हेंबर ते जानेवारी तिकडे ईशान्य मोसमी पावसाचा जोर असतो. तामान नगारासारखं जंगल त्या दिवसांत पाहायला जाणं म्हणजे खोलीत बसून पाऊस ऐकणं.

पायरी २: नेमकं काय पाहायचंय

‘जंगल पाहायचंय’ हे उत्तर पुरेसं नाही. एकच मुख्य गोष्ट ठरवा आणि बाकीचं मिळेल ते पदरात पाडून घ्या.

बेडूक-साप आणि पावसातलं जंगल हवं असेल तर आंबोलीपासून सुरुवात करावी, आणि हे केवळ जवळ आहे म्हणून नव्हे. सावंतवाडीहून सुमारे ३० किलोमीटरवर, ६९० मीटर उंचीवरचं हे गाव वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेतं. आंबोली टोड नावाचा छोटा भेक या परिसराबाहेर सापडत नाही. पाऊस सुरू झाला की पहिल्या काही आठवड्यांत तो जांभ्याच्या सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. मलबारी उडता बेडूक पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीला फेसाचं घरटं करतो. पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. हिरण्यकेशीच्या उगमाशी २०२० मध्ये शास्त्राला नव्याने कळलेला एक मासा राहतो आणि त्या जागेला आता जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे. शनिवार-रविवार मात्र टाळा. धबधब्याची गर्दी घाटरस्ता अडवते, आणि रात्री गाड्यांखाली चिरडले जाणारे बेडूकही त्याच गर्दीचे बळी असतात.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. पाऊस जास्त म्हणजे जंगल जास्त दाट, असं नसतं. सिंधुदुर्गात पाऊस दक्षिण केरळइतका किंवा जास्तच पडतो, पण तो चार महिन्यांत संपतो. उरलेले सात-आठ महिने कोरडे. दक्षिण टोकाला कोरडे महिने दोन-तीनच. झाडाला वर्षाची बेरीज कळत नाही, त्याला किती महिने तहानलेलं राहावं लागतं ते कळतं. म्हणून आपल्याकडे सदाहरित आणि निमसदाहरित पट्टे मिसळलेले दिसतात, महाबळेश्वर-भीमाशंकरला तर अंजनी, जांभूळ, पिसा अशी बुटकी सदाहरित राई असते, आणि ४० मीटरच्या सरळसोट खोडांसाठी दक्षिणेला जावं लागतं. सिंहपुच्छ माकड पाहायचं असेल तर उत्तर कन्नडमधल्या सिरसी-होन्नावरच्या उत्तरेला ते आता मिळत नाही.

सिंहपुच्छ माकडासाठी सर्वात खात्रीची जागा तामिळनाडूतलं वालपराई. पोल्लाचीहून सुमारे ६५ किलोमीटर, आळियारपासून ४० वळणांचा घाट. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीटवर बसावं आणि रिकाम्या पोटी घाट चढू नये. चहाच्या मळ्यांमध्ये वर्षावनाचे तुकडे उरलेले आहेत. पुदुतोट्टमजवळ माकडांचे कळप रस्त्यालगत दिसतात. सोपं दर्शन होतं याचं कारण दुःखद आहे: जंगल तुटक झाल्यामुळे त्यांना रस्ता ओलांडावा लागतो आणि गाड्यांखाली ती मरतात. गाडी हळू चालवा, खाऊ दाखवू नका. गरुड धनेशही इथे चांगला दिसतो. निघण्याआधी ई-पास आणि चेकपोस्टच्या वेळा तपासून घ्या. रात्री घाटात हत्ती असतात.

अखंड, न तुटलेलं जंगल हवं असेल तर केरळमधलं सायलेंट व्हॅली. कुंतीपुळा नदीवरचा जलविद्युत प्रकल्प लोकांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला आणि १९८४ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं. प्रवेश फक्त मुक्काली गावातून. तिथून वनविभागाच्या व्यवस्थेतली जीप, सोबत वाटाड्या, २३ किलोमीटरचा खडबडीत रस्ता आणि शेवटी सैरंध्रीचा मनोरा. येऊन-जाऊन पाच तास धरा. गाड्यांची संख्या मर्यादित असते, त्यामुळे सकाळच्या पहिल्या फेरीचं आरक्षण आधी करा. आतल्या भागात पर्यटकांना मुक्काम नसतो. मन भरून जंगल दिसतं, पण बरंचसं जीपमधून. पायी भटकण्याची हौस असलेल्यांना हे अपुरं वाटेल.

आगुंबे या दोन्हींच्या मधलं. कोकण रेल्वेने उडुपी आणि तिथून सोमेश्वर घाट चढून साधारण ५५ किलोमीटर. मुंबई-रत्नागिरीच्या माणसाला रात्रीच्या गाडीने सहज जमणारं हे खरं वर्षावन. नागराजासाठी (किंग कोब्रासाठी) प्रसिद्ध आहे, पण दोन दिवसांत तो दिसेल ही आशा ठेवू नका. त्याऐवजी उन्हं आली की सुपारीच्या बागेत उभे राहा आणि खोडांकडे पाहा. सालीच्याच रंगाचा उडता सरडा तिथे चिकटलेला असतो. नराने गळ्याखालची पिवळी पिशवी बाहेर काढली की मगच डोळ्याला पकडता येतो. मग तो उडी घेतो आणि बरगड्यांवर ताणलेल्या पडद्यांनी तरंगत पुढच्या झाडावर जातो. तिथलं संशोधन केंद्र पर्यटनस्थळ नाही, परवानगीशिवाय दारात जाऊन उभं राहू नये.

वानरकुळातला आपल्या देशातला एकमेव बिनशेपटीचा प्राणी, हूलॉक गिबन, याच्यासाठी आसाममध्ये जोरहाटजवळचं होल्लोंगापार पुरे. जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं हे जंगल रेल्वेमार्गाने दुभागलेलं आहे. सकाळी सात-आठला त्यांची हाक सुरू होते, आवाजाच्या दिशेने वाटाड्या नेतो. अर्ध्या दिवसाचं काम. याउलट नामदाफा १,९८५ चौरस किलोमीटरचं. मियाओ, मग देबान, नदी ओलांडून पायी, तंबूत मुक्काम. सहा-सात दिवस, चांगली तब्येत आणि अरुणाचलचा इनर लाइन परवाना हवा. पहिल्या सहलीला नामदाफा नको. दुसऱ्या-तिसऱ्याला जरूर.

परदेशात पहिल्यांदाच जाणाऱ्याला एकच नाव सुचवायचं तर किनाबातांगान नदी, सबा. मुंबईहून क्वालालंपूर, तिथून सांदाकान, मग रस्त्याने अडीच तासांवर सुकाऊ गाव. दोन रात्रींचा मुक्काम, सकाळी सहा आणि दुपारी चारच्या होड्या. मोठ्या नाकाची प्रोबोसिस माकडं संध्याकाळी झोपायला नदीकाठच्या झाडांवर येतात. मागून हल्ला होण्याची बाजू पाण्यामुळे बंद होते. त्यामुळे दुपारची होडी जवळपास कधी वाया जात नाही. ओरांगउटान, धनेश, मगरी आणि नशीब असेल तर बोर्निओचे बुटके हत्तीही दिसतात. हे इतकं सहज दिसण्यामागचं कारण नीट पाहून घ्यावं: काठावरच्या चिंचोळ्या पट्ट्यामागे मैलोन्‌मैल तेलताडाची लागवड आहे, प्राण्यांना जायला दुसरी जागा उरलेली नाही. म्हणून वेळ असेल तर लाहाद दातूहून दानुम व्हॅलीचे दोन-तीन दिवस जोडा. ४३८ चौरस किलोमीटरचं कधीही न तोडलेलं जंगल. त्यातलं एक झाड १०० मीटरहून उंच मोजलं गेलंय. तिथलं आलिशान लॉज महाग आहे, फील्ड सेंटरमधली राहण्याची सोय साधी आणि परवडणारी. सांदाकानजवळ सेपिलोकला अनाथ ओरांगउटानांचं पुनर्वसन केंद्र आहे, सकाळी दहा आणि दुपारी तीनला खाणं देतात. ते पाहा, पण त्याला ‘जंगलात ओरांगउटान पाहिला’ म्हणू नका.

श्रीलंकेचं सिंहराजा पक्षिप्रेमींसाठी. जेमतेम ८८ चौरस किलोमीटर, पण बेटापुरत्याच मर्यादित असलेल्या पक्ष्यांपैकी बरेचसे इथे मिळतात. इथे पक्षी मिश्र थव्यात फिरतात: केशरी चोचीचे सातभाई आणि कोतवाल पुढे, मागे दहा-पंधरा जाती. थवा गाठला तर वीस मिनिटांत सगळं, नाही गाठला तर तीन तास काहीच नाही. पक्ष्यांसाठी कुडावा बाजूने आत शिरा, देनियाया बाजू धबधबे आणि चालण्यासाठी. वाटाड्या सक्तीचा आहे आणि तो हवाच.

ॲमेझॉनबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रातून जायला-यायला चार दिवस मोडतात, म्हणून १२ दिवसांपेक्षा कमी सुट्टी असेल तर विचार करू नका. मनाऊसजवळ नदीची पातळी वर्षभरात साधारण १० मीटरने वर-खाली होते. जूनच्या सुमारास होडी थेट झाडांच्या फांद्यांमधून जाते आणि माकडं-पक्षी डोळ्यांच्या उंचीवर येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पायवाटा उघड्या पडतात, मगरी आणि मासे आटलेल्या पाण्यात गोळा होतात. रिओ नेग्रोच्या काळ्या, आम्लधर्मी पाण्यात डासांची पैदास कमी होते, त्यामुळे डासांना घाबरणाऱ्यांनी त्या काठचं लॉज घ्यावं. मकाव पोपट मातीच्या कड्यावर जमलेले पाहायचे असतील तर पेरूचं पुएर्तो माल्दोनादो.

आणि ज्यांचं कुणी सिंगापूरला आहे किंवा ज्यांचं विमान तिथे सात-आठ तास थांबतं त्यांनी बुकित तिमा सोडू नये. शहराच्या मध्यावर १६३ हेक्टरचं मूळ वर्षावन, बस-मेट्रोने पोचता येतं, प्रवेश फुकट. शेजारच्या मॅकरिचीमध्ये झाडांच्या छतातून जाणारा २५० मीटरचा झुलता पूल आहे. तो सोमवारी बंद असतो.

पायरी ३: सोबत कोण

आई-बाबा किंवा गुडघेदुखी सोबत असेल तर होडी किंवा गाडीरस्ता असलेली जागा: किनाबातांगान, वालपराई, होल्लोंगापार. उताराची निसरडी पायवाट चढापेक्षा गुडघ्याला जास्त त्रास देते, त्यामुळे ‘फक्त दोन किलोमीटर’ या आश्वासनावर जाऊ नका. उतार किती, पायऱ्या आहेत का, हे विचारा. वर्षावनात ताशी एक ते दीड किलोमीटर हाच खरा वेग.

सहा-सात वर्षांच्या मुलांना दिवसाच्या लांब वाटेत कंटाळा येतो, रात्रीच्या तासाभराच्या फेरीत मुळीच येत नाही. टॉर्च कपाळाजवळ धरून पानांवर मारला की कोळ्यांचे डोळे चमकतात. एकदा युक्ती कळली की मुलं वाटाड्याच्या पुढे शोधायला लागतात.

पायरी ४: जंगल खरं आहे का आणि आत शिरायचं कसं

जाहिरातीत प्रत्येक हिरव्या डोंगराला ‘रेनफॉरेस्ट रिसॉर्ट’ म्हणतात. कॉफीच्या मळ्यातली सावलीची झाडं म्हणजे वर्षावन नव्हे. फोटोंत या गोष्टी शोधा: सरळ, खालपर्यंत फांदी नसलेली खोडं, बुंध्याशी भिंतीसारखी पसरलेली आधारमुळं, जाड वेली, आणि त्यामानाने मोकळी जमीन. हो, मोकळी. जुन्या जंगलात उजेड खाली येत नाही म्हणून झुडपं कमी असतात. कोयता चालवत शिरावं लागेल असं गचपण बहुधा रस्त्याकडेला, नदीकाठी किंवा पूर्वी तोडलेल्या जागी असतं. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला किंवा गोव्याच्या सत्तरीतल्या निरंकाराच्या राईत मायरिस्टिकाची, म्हणजे रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे. तिथे चिखलातून गुडघे दुमडल्यासारखी वर आलेली मुळं एकदा पाहून ठेवली की पुढे कुठेही जुनं जंगल ओळखायला नजर तयार होते. या राया देवाच्या आहेत. गावातल्या माणसाला विचारून, चपला कुठे काढायच्या ते पाहून आत जा.

मुक्कामाच्या जागेला आरक्षणाआधी हे प्रश्न लेखी विचारा:

- जंगलाची वाट दारापासून सुरू होते की रोज गाडीने जावं लागतं? किती वेळ?
- एका वाटाड्यामागे किती माणसं? सहाच्या वर असतील तर मागच्यांना काही दिसत नाही.
- रात्रीची फेरी उद्यानाच्या आत आहे की हद्दीबाहेर? अनेक उद्यानांत सूर्यास्तानंतर प्रवेश नसतो.
- मनोरा, झुलता पूल किंवा होडी यांपैकी काय आहे आणि सध्या चालू आहे का? पूल दुरुस्तीसाठी वरचेवर बंद असतात.
- परवाना कोण काढणार, आणि पावसामुळे बंद झालं तर पैशांचं काय?

वाटाड्यावर पैसे वाचवू नका. खोली साधी घ्या, जेवण साधं चालेल, पण स्थानिक, अनुभवी वाटाडा घ्या. पोचल्यावर त्याला पहिला प्रश्न हा विचारा: ‘सध्या कुठल्या उंबराला किंवा वडाला फळं आली आहेत?’ पिकलेलं एक झाड सापडलं की त्याखाली दोन तास बसावं. धनेश, हारोळ्या, शेकरू, माकडं आपणहून येतात. दहा किलोमीटर चालून जे दिसत नाही ते इथे बसून दिसतं.

पायरी ५: कागदपत्रं आणि लस

ॲमेझॉन किंवा मध्य आफ्रिकेच्या जंगलांना जाणाऱ्यांची सर्वात महागडी चूक पिवळ्या तापाच्या लशीची. भारतात परत येताना ब्राझील, पेरू, इक्वेडोर, युगांडा अशा देशांतून आलेल्यांकडे प्रमाणपत्र मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, तिथल्या तारखा मोजक्या असतात आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढचे, अंड्याची ॲलर्जी असलेले आणि गरोदर स्त्रिया यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी लशीची तारीख मिळवा.

सबाची स्वतःची इमिग्रेशन तपासणी आहे. क्वालालंपूरहून देशांतर्गत विमानाने गेलात तरी पासपोर्टवर पुन्हा शिक्का बसतो. पासपोर्ट सामानात टाकून ठेवू नका. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर पाहा. मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या की नाही ते ठिकाणावर ठरतं: श्रीलंका २०१६ पासून मलेरियामुक्त आहे, नामदाफा आणि बोर्निओ नाहीत.

पायरी ६: पिशवीत काय

सुती कपडे नकोत. दमट हवेत ते वाळत नाहीत, दुसऱ्या दिवशी मांड्या घासून निघतात. लवकर वाळणाऱ्या कापडाचे दोन जोड दिवसा घालायला, एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी प्लॅस्टिकमध्ये बांधून. रेनकोटात आतूनच घामाने भिजायला होतं. वारा नसलेल्या जंगलात साधी छत्री बरी, आणि तिच्याखाली दुर्बीणही वापरता येते. पायात गुडघ्याखालपर्यंतचे रबरी गमबूट. बोर्निओत गावकरी वापरतात ते खाली गुटके असलेले स्वस्त काळे रबरी बूट चिखलात महागड्या ट्रेकिंग शूजपेक्षा चांगले चालतात, पण मोठ्या मापाचे तिथे सहज मिळत नाहीत.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्या, १०×४२ नको. ४२ ला ८ ने भागलं की ५ मिलिमीटरहून जाड उजेडाची शलाका डोळ्यात येते, १० ने भागलं की चारच्या आसपास. सावलीत हा फरक ठळक जाणवतो. एसी खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते आणि पुसली तरी पुन्हा धरते, म्हणून निघण्याआधी अर्धा-पाऊण तास बंद झिपपिशवीत बाहेर ठेवून मगच उघडा. मीठ-साखरेची ओआरएसची पाकिटं माणशी रोज एक. घाम वाळत नाही म्हणून किती गेला ते कळत नाही आणि दुपारी डोकं दुखू लागतं.

जळवांसाठी घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे जळू-मोजे पँटवरून चढवा. बाहेरून तंबाखूचं पाणी किंवा मीठ चोळतात, पण पावसात ते धुऊन जातं. जळू चिकटलीच तर ओढू नका, चटका देऊ नका. तिचं निमुळतं टोक तोंडाचं, जाड टोक मागचं. नख कातडीला लावून आधी निमुळत्या टोकाखाली सरकवा, पकड सुटली की मागचं टोक, आणि लगेच बोटाने उडवून द्या, नाहीतर ती बोटालाच धरते. रक्त तासन्‌तास झिरपतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. दाबून पट्टी बांधली की पुरे, घाबरण्यासारखं काही नसतं.

सापांची गोष्ट जास्त गंभीर आहे. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेलं असतं. मलबारी चापडा किंवा नागराज त्यात येत नाही. चापडा पावसाळ्यात कमरेच्या उंचीच्या फांदीवर तासन्‌तास हलत नाही, आणि तोल जाताना हात नेमका तिथेच जातो. रात्री टॉर्चशिवाय पाऊल नको, फांदीला धरण्याआधी पाहा, आणि फोटोसाठी साप काठीने हलवणाऱ्या वाटाड्यासोबत पुढे जाऊ नका.

तिथे पोचल्यावरचा दिवस

साडेपाचला उठा, सहा ते नऊ चाला. दहा ते तीन जंगल गप्प असतं. जेवा, झोपा, कपडे वाळवा. चारला पुन्हा बाहेर, सातनंतर रात्रीची फेरी. पहिल्या संध्याकाळी लांब जाऊ नका, मुक्कामाच्या आसपासच्या एका वाटेवर दोनशे मीटर अंतर तासभर घ्या. बोलणं बंद, भडक अंगरखे बंद, पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाइलवर आवाज लावणं बंद. विणीच्या काळात त्या आवाजाने पक्षी घरटं सोडून भांडायला येतो. शक्यतो तीन रात्री एका जागी राहा. एक दिवस पावसात जाणार हे धरूनच चालायचं; दोन रात्रींच्या सहलीत तो एक दिवस निम्मी सहल असतो.

परत आल्यावर रोज अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कमरपट्ट्याची जागा पाहा. गोचीड किंवा बारीक किड्याच्या चाव्याची, सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली, किंवा पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून थांबू नका. डॉक्टरांना कुठल्या जंगलात, कुठल्या तारखांना होतात ते स्वतःहून सांगा आणि मलेरिया, स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) आणि लेप्टोच्या तपासणीबद्दल विचारा. स्क्रब टायफसवर साधं, स्वस्त प्रतिजैविक चालतं, फक्त ते वेळेवर सुरू व्हावं लागतं.